उजेडाचं माप

कॅमेऱ्याचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या चार पानांतच एक शब्द आडवा येतो : एक्स्पोजर. त्याला जडजड मराठी प्रतिशब्दही आहेत, पण मी माझ्यापुरतं त्याचं बारसं करून टाकलं आहे. उजेडाचं माप! फोटोत किती उजेड ओतायचा, याचा हिशेब. आणि किती ओतायचं, कुठे हात आखडायचा, हे आपल्याला का कुणी नव्यानं शिकवायला हवं?

मी ज्या फोटोंबद्दल लिहिणार आहे ते लग्नामुंजीतले नव्हेत. मोहरीचा दाणा, मोगऱ्याची पाकळी, कढीलिंबाच्या पानावरचं फुलपाखराचं अंडं, अशा बारीकसारीक वस्तूंचे हे फोटो. याला मॅक्रो फोटोग्राफी म्हणतात. त्यासाठी वेगळं भिंग लागतं आणि बहुतेक वेळा फ्लॅशही लागतो.

आता तुम्ही म्हणाल, घरचं सारं सांभाळून बाईंना हे खूळ सुचलं कुठून? तर ते आलं सासूबाईंच्या डोळ्यांमुळे.

सासूबाई आता ८३ वर्षांच्या आहेत. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर बरीच वर्षं सारं ठीक होतं. मग देवघरातली समई दिसे, पण तिच्या ज्योतीवर कुणी बोट ठेवल्यासारखा डाग दिसू लागला. दाराची सरळ चौकट मध्येच पोटात वाकल्यासारखी वाटू लागली. डॉक्टरांनी नाव सांगितलं, मॅक्युलर डिजनरेशन. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला, बारीक पाहण्याचा भाग झिजत जातो. कडेचं दिसतं, त्यामुळे माणूस घरात नीट वावरतं. पण समोरच्याचा चेहरा, सुईचं नाकं, तांदळातला खडा हे सगळं जातं. सासूबाईंच्या प्रकारात गेलेली नजर परत आणणारं औषध नाही. डॉक्टर म्हणाले, "जे दाखवायचं ते मोठं करून दाखवा, भरपूर उजेडात दाखवा, आणि काळ्यावर पांढरं किंवा पांढऱ्यावर काळं, असं ठसठशीत दाखवा."

ज्या बाईनं उभा जन्म सूप हातात धरून धान्य निवडलं, तिला मोहरी म्हणजे आता बोटांखालून घरंगळणारं काहीतरी, एवढंच उरलं. "मला दिसत नाही गं," असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. निवडायचं ताट फक्त हळूच माझ्याकडे सरकवीत. ते सरकवणं मला पाहवेना.

चिरंजीव नोकरीच्या गावी गेले तेव्हा त्यांचा जुना कॅमेरा, १०० मिलिमीटरचं मॅक्रो भिंग आणि फ्लॅश आमच्या कपाटात ठेवून गेले होते. या भिंगाची करामत अशी की, छोटी वस्तू कॅमेऱ्याच्या आतल्या पडद्यावर तिच्या खऱ्या मापाएवढी उमटते. म्हणजे जेमतेम दीड इंच रुंद आणि एक इंच उंच एवढा तुकडा सगळी चौकट भरून टाकतो. तोच फोटो आमच्या ४३ इंची टीव्हीवर लावला की मोहरी सुपारीएवढी होते! मोबाईलही जवळचे फोटो बरे काढतो; पण त्याचा दिवा जिथे आहे तिथेच राहतो. आणि या साऱ्या कामात दिवा कुठे धरायचा, हीच तर मेख आहे.

मी आकडे पुटपुटत कॅमेऱ्याशी खटपट करू लागले. सासूबाई शेजारी खुर्चीवर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या,

"अगं, पाव काय, अर्धा काय, काय मोजतेस?"

मी म्हटलं, "आई, हा फ्लॅश पूर्ण ताकदीनं उडवता येतो, नाहीतर निम्म्यानं, नाहीतर पाव. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होत जातो."

"म्हणजे शेर, मापटं, चिपटं की!"

खरंच की! शेराचं निम्मं मापटं, मापट्याचं निम्मं चिपटं. फोटोवाले ज्या पायरीला 'स्टॉप' म्हणतात, ती हीच. एक स्टॉप वर म्हणजे उजेड दुप्पट, एक स्टॉप खाली म्हणजे निम्मा. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सारं सोपं आहे.

उजेडाला आत यायला भिंगाचं तोंड असतं. ते लहानमोठं करता येतं आणि त्याचे आकडे उलटे चालतात. एफ/८ हे मोठं तोंड, एफ/११ त्याहून लहान, एफ/१६ आणखी लहान. प्रत्येक आकड्याला उजेड निम्मा. दुसरी गोष्ट शटर, म्हणजे दार किती वेळ उघडं ठेवायचं. तिसरी आयएसओ, म्हणजे आहे त्या उजेडाला कॅमेऱ्यानं किती फुगवायचं. साध्या फोटोत या तिघांचा संसार असतो. फ्लॅश आला की चौथं माणूस घरात येतं. आणि मॅक्रोत तर तेच घर चालवतं!

का, ते सांगते. इतक्या जवळून फोटो घेताना वस्तूचा फार थोडा भाग रेखीव येतो. तोंड एफ/११ एवढं बारीक केलं तरी रेखीव भागाची जाडी मिलिमीटरभर, फार तर त्याहून थोडी अधिक. बासमतीच्या दाण्याएवढी म्हणा ना. तोंड मोठं ठेवलं तर तेवढंही नाही. म्हणून तोंड बारीक करायचं. बारीक केलं की अंधार. बरं, बारीक करायचं म्हणून थेट एफ/३२ वरही जाऊ नये. फार बारीक तोंडातून येताना उजेड पसरतो आणि सारंच चित्र मऊ पडतं.

त्यात आणखी एक चोरी आहे. वस्तू खऱ्या मापाएवढी उमटवायची तर आतल्या पडद्यापाशी पोहोचेपर्यंत उजेड साधारण पावच उरतो. दोन पायऱ्या खाली! आपण लावलेलं एफ/११ हे एफ/२२ सारखं वागतं. काही कॅमेरे हा बदललेला आकडा दाखवतात, काही दाखवत नाहीत. फ्लॅश आपोआप माप घेणारा असेल तर ही तूट तो भरून काढतो. आपल्या हातानं ताकद ठरवायची असेल तर शेरभर हवं तिथे चिपटंच पोहोचणार, हे मनात धरून ओतायचं.

मग दार जास्त वेळ उघडं ठेवलं तर? हात हलतो, वारा सुटतो, अळी मान वळवते. फ्लॅशचं बरं असतं. कमी ताकदीवर तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतकाच चमकतो. अमेरिकेत एमआयटीमध्ये हॅरॉल्ड एजर्टन नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी अशाच क्षणभर चमकणाऱ्या दिव्यानं १९५७ मध्ये दुधाचा थेंब पडतानाचा रंगीत फोटो घेतला. थेंब आदळून दुधाचा मुकुट उडालेला आणि त्याच्या प्रत्येक टोकावर मोती! रोज हजार थेंब सांडताना आपण पाहतो, पण तो मुकुट आपल्या डोळ्यांना पकडता येत नाही. फ्लॅशनं पकडला.

माझी रोजची कृती अशी. कॅमेरा पूर्णपणे आपल्या हाती, म्हणजे 'एम' वर. तोंड एफ/११. शटर सेकंदाचा १६० वा भाग. (बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशसाठी शटरला १६० ते २५० च्या दरम्यान कुठेतरी मर्यादा असते. तिच्यापेक्षा घाई केली तर अर्ध्या फोटोवर काळा पट्टा येतो.) आयएसओ २००. आता फ्लॅश बंद ठेवून एक फोटो घ्यायचा. तो काळाकुट्ट आला पाहिजे! आला, म्हणजे खोलीतला उजेड आपल्या हिशेबात नाही. जे काही दिसेल ते फ्लॅशचंच. मग फ्लॅश चालू करून ताकद १/३२ वर. फोटो पाहायचा. अंधारा असेल तर १/१६, भगभगीत असेल तर १/६४. बाकी कशाला हात लावायचा नाही. भाजीत एकाच वेळी मीठ, तिखट, गूळ तिन्ही वाढवलं तर काय बिघडलं ते कळत नाही, तसंच हे.

ताकद न बदलताही माप बदलता येतं, दिवा पुढेमागे करून. वस्तूपासून फ्लॅश दहा सेंटिमीटरवर असेल आणि तो वीसवर नेला, तर उजेड निम्मा नव्हे, पाव होतो. नुसता चौदावर नेला तरी निम्मा. दोन बोटांचा फरक आणि मापट्याचं चिपटं! म्हणून फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवत नाही. तिथून भिंगाचीच सावली वस्तूवर पडते. तारेनं जोडून तो बाजूला, थोडा वर, आणि दर वेळी तेवढ्याच अंतरावर धरते. अंतरासाठी मी एक जुनी लाकडी पट्टी ठेवली आहे.

उघडा फ्लॅश मात्र लखकन बोचतो. मध्ये काहीतरी पांढरं, अर्धपारदर्शक हवं. बाजारात विकत मिळतं, पण बटर पेपरचे दोन थर किंवा पांढऱ्या पातळ प्लास्टिकच्या डब्याची एक बाजू कापून घेतली तरी काम भागतं. ते वस्तूच्या जितकं जवळ आणि वस्तूच्या मानानं जितकं मोठं, तितका उजेड मऊ. मध्ये कागद आला की उजेड कमी होणारच. ताकद एक-दोन पायऱ्या वाढवून घ्यायची. मोत्याची नथ, सोन्याची वाटी, भुंग्याची पाठ यांचे फोटो याशिवाय घेऊच नयेत. नाहीतर सोनं दिसत नाही, सोन्यावरचा पांढरा ठिपका तेवढा दिसतो.

हे सगळं शिकून झाल्यावर खरा प्रश्न आला. माप बरोबर झालं, हे ठरवायचं कुणी?

कॅमेऱ्याला विचाराल तर त्याला सगळं जग मध्यम करड्या रंगाचं वाटतं. चौकट भरून मोगरा दाखवा, तो म्हणेल, फार उजळ आहे, उजेड कमी करा. आणि मोगरा राखेच्या रंगाचा येईल. चौकट भरून काळी उडदाची डाळ दाखवा, तो म्हणेल, फार अंधार आहे. आणि उडीद धुरकट येतील. म्हणून आपोआप माप घेणाऱ्या फ्लॅशला पांढऱ्यासाठी एक पायरी वर सांगावं लागतं आणि काळ्यासाठी एक पायरी खाली. (फ्लॅशची ही खूण कॅमेऱ्याच्या नेहमीच्या कमी-अधिकच्या खुणेहून वेगळी असते, ती शोधून ठेवा.) पण मोठ्या काळ्या पाटीवर एकच लहानसं मोगऱ्याचं फूल ठेवलं, तर तोच कॅमेरा पाटी पाहून घाबरतो, भरमसाट उजेड ओततो, आणि फूल जळून जातं. तेव्हा पायरी खाली उतरायची. यंत्राला वस्तू कळत नाही, तिचा उजळपणा तेवढा कळतो.

आणि एक लक्षात ठेवा. मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, जास्त झालं तर काढता येत नाही. फोटोचंही तेच. थोडा अंधारा फोटो नंतर उजळता येतो, पण पाकळी एकदा पांढरीफटक जळाली की तिच्यावरच्या रेषा कुठूनही परत आणता येत नाहीत. कॅमेऱ्यात जळालेला भाग लुकलुकवून दाखवायची सोय असते, ती चालू ठेवावी.

मी मोगऱ्याचे तीन फोटो घेतले. एक थोडा अंधारा, एक मधला, एक उजळ. तिन्ही टीव्हीवर लावले. माझ्या आणि ह्यांच्या मते मधला सुरेख होता. मागे हिरवं पान, मऊ सावली, अगदी कॅलेंडरवर शोभावा असा. सासूबाई टीव्हीपासून दोन हातांवर बसल्या. त्या आता समोरून पाहत नाहीत. मान जरा वळवून डोळ्याच्या कडेनं पाहतात. चष्मेवाला विचारतो तसं मी विचारत गेले, "हे बरं, की ते बरं?"

मधल्या फोटोला म्हणाल्या, "काहीतरी ढगाळ आहे." उजळ फोटोला म्हणाल्या, "पांढरं आहे, पण आत काही नाही." अंधाऱ्या फोटोशी मात्र थांबल्या. त्यात मागचं पान फ्लॅशपासून लांब राहिल्यानं काळं पडलं होतं. "ही कड," त्या म्हणाल्या आणि बोटानं हवेत पाकळी गिरवली. "मोगराच ना? बटमोगरा. पाकळ्यांची दाटी बघ की!"

पुस्तकं सांगतात, फ्लॅशच्या फोटोत मागचं काळं पडणं हा दोष आहे. उजेड अंतराबरोबर झपाट्यानं विरतो, म्हणून वीतभर मागचं सारं रात्रीसारखं दिसतं. त्यावर उपायही सोपा, वस्तूच्या मागे दोन-तीन बोटांवर एखादं पान किंवा फिकट रंगाचा कागद धरायचा. पाहुण्यांना दाखवायच्या फोटोत मीही ते करते. पण सासूबाईंसाठी तो काळोख हाच आधार आहे. मोगरा, मीठ, खसखस, मोती काळ्यावर. मोहरी, मिरी, मुंगी पांढऱ्या बशीवर. आणि त्या वेळी बशी फ्लॅशच्या उजेडात घ्यायची. कुणाच्या डोळ्यांसाठी फोटो काढायचा, ते आधी ठरतं. माप त्याच्या मागून येतं.

तेव्हापासून आमची दुपार ठरलेली आहे. मिठाचे कण चक्क चौकोनी ठोकळे असतात, हे आम्ही दोघींनी पाहिलं. कढीलिंबावरचं मिलिमीटरभर पिवळसर अंडं पाहिलं; काही दिवसांनी त्यातून निघालेली अळी पाहिली. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून तिला कुणी हात लावत नाही. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. तिला काडीनं डिवचलं की डोक्यामागून लालसर दुतोंडी शिंग बाहेर काढते. सासूबाई म्हणाल्या, "एवढीशी अळी, पण मान राखून आहे." त्या झाडाची पानं आता आम्ही अळ्या पाहूनच तोडतो.

मग एके दिवशी त्यांनी उजवा हात माझ्यापुढे केला.

"याचा काढ."

मनगटाच्या वर त्यांचं गोंदण आहे. सात वर्षांच्या असताना आईनं मांडीवर घट्ट धरून गोंदवलेलं. इतक्या वर्षांत ते पसरून निळसर सावलीसारखं झालंय. सावळ्या कातडीवर निळसर हिरवं, म्हणजे ना काळ्यावर पांढरं, ना पांढऱ्यावर काळं. अवघडच काम! फ्लॅश समोरून टाकला की कातडी चमकते आणि गोंदण बुडतं. तो मी बाजूला, बटर पेपरमागे नेला. १/३२ वर घेतला, १/१६ वर घेतला. दुसऱ्यात कातडी उजळली आणि गोंदण तेवढं गडद राहिलं. तरीही दोघांतला फरक पुरेना, म्हणून फोटोचा रंग काढून तो नुसता काळा-पांढरा केला आणि टीव्हीवर लावला.

त्या बराच वेळ मान वळवून पाहत होत्या. मग मोजू लागल्या. "एक, दोन, तीन... तुळशीखालचे पाच ठिपके. पाचवा वाकडा आहे, कारण तेव्हा मी हात ओढला होता." थोडं थांबून म्हणाल्या, "आईनं मग गुळाचा खडा दिला."

हे एवढं मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनाही ते आठवलं होतं की नाही, कोण जाणे.

जाता जाता एक सांगते. फोटो काढा, न काढा; पण महिन्यातून एकदा एक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे पाहा, मग दुसरा झाकून पाहा. वयस्कर माणसांनाही पाहायला सांगा. गज वाकडे दिसले किंवा मध्ये डाग दिसला तर वाट पाहू नका, त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. या आजाराच्या एका प्रकारात डोळ्यात इंजेक्शनं देऊन नजर राखता येते, पण त्यासाठी लवकर जावं लागतं. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाची उणीव झाकतो आणि काही कळत नाही.

सासूबाईंची कडेची नजर अजून शाबूत आहे. पण मधला डाग वाढतो आहे, हे डॉक्टरांनी आम्हाला दोघींना समोर बसवून सांगितलं. त्यामुळे आता आम्हाला थोडी घाई आहे. काय काय पाहायचं, याची यादी त्या सांगतात, मी वहीत लिहून घेते. मामंजींच्या शाईपेनाचं टोक. लग्नातल्या शालूचा पदर, जरीचा एकच धागा. बारशाच्या पाळण्याला लावलेल्या क्रोशाच्या जाळीची गाठ. नातवाचा पडलेला पहिला दात, तो एका डबीत जपून ठेवलाय.

फ्लॅशचे सेल रात्री भारित करून ठेवते. उद्या खसखस. तिच्या दाण्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, असं मी त्यांना सांगितलंय. पण त्यांचा विश्वास बसत नाही. म्हणतात, "पाहिल्याशिवाय नाही मानायची!"